मदत हवी आहे: सोड्याच्या पेटीत हरभरा लांबुळका झाला, ज्वारी ढिम्म. चुकलं कुठे?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. नववीतल्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी 'हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पिकांचं काय' हा विषय घेतलाय आणि मामा म्हणून मी पुरता अडकलोय. बांबूच्या कामट्या आणि पारदर्शक प्लॅस्टिकची दोन फूट लांब-रुंद-उंच पेटी केली. आत हरभरा आणि ज्वारीची एकेक कुंडी, तशाच दोन बाहेर अंगणात. रोज सकाळी पेटीत वाटी ठेवून एक चमचा खायचा सोडा, वरून लिंबू पिळायचं, फसफसलं की फट बंद.

तीन आठवडे झाले. पेटीतला हरभरा उंच झालाय खरा, पण पोपटी, हात लागला की आडवा होतो. बुडाशी पांढरी बुरशी. ज्वारी दोन्हीकडे सारखीच. दाजी म्हणतात, "कार्बन म्हणजे झाडाचं जेवण, वाढलं की उतारा वाढणारच. नेदरलँड्समधले काचगृहवाले मुद्दाम सोडतात." मग आमच्या हरभऱ्याच्या ते अंगी का लागलं नाही?

पानदेठ
आधी सोड्याचा हिशोब. तुमच्या पेटीत सव्वादोनशे लिटर हवा मावते. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम सोडा पूर्ण फसफसला तर जवळपास दीड लिटर वायू निघतो. दहा लाख भाग हवेत साडेसहा हजार भाग झाले! बाहेर आज सव्वाचारशेच्या आसपास आहे, कारखानदारीच्या आधी २८० होता. दुप्पट करायला ०.३ ग्रॅम सोडा पुरे.

आणि हरभऱ्याची ती दशा बहुतेक कार्बनने केलेली नाही. कोंदट ओल आणि प्लॅस्टिकने खाल्लेला उजेड, दोन्ही मिळून झाड असंच होतं. अगदी तशीच दुसरी पेटी करा, फक्त तिच्यात सोडा नको. तुलना त्या दोघींची. अंगणातली कुंडी या भांडणात नाहीच.

ज्वारी ढिम्म राहणं मात्र अपेक्षित आहे. पानात कार्बन पकडणारं रुबिस्को नावाचं विकर जरा वेंधळं आहे, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतं. ऊन तापलं की जास्तच. हरभरा, सोयाबीन, गहू, भात यांचं त्यात नुकसान होतं, म्हणून हवेत कार्बन वाढला की त्यांना फायदा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांनी आत पंपच बसवलाय म्हणा ना, रुबिस्कोपाशी कार्बन आधीच दाटलेला असतो.

कोरडवाहू
ज्वारीवाल्यांनी अगदीच निराश होऊ नये. कार्बन वाढला की पानावरची छिद्रं थोडी मिटतात, पाणी कमी उडतं. ॲरिझोनात उघड्या शेतात नळ्यांचं कडं करून ज्वारीवर वायू सोडला होता. भरपूर पाणी दिलं तिथे धान्य वाढलं नाही, ताण पडला तिथे वाढलं. पण छिद्रं मिटली की पान तापतंही, हे दाजींना सांगा.

पानदेठ
दाजींना अजून एक. इलिनॉयमध्ये २००१ पासून सोयाबीनवर अशाच उघड्या शेतात प्रयोग चाललेत. उतारा वाढतो, पण बंद काचघरातल्या प्रयोगांवरून वाटलं होतं तितका नाही. शिवाय २०१४ साली अशा प्रयोगांतल्या धान्याची एकत्र तपासणी छापून आली. साधारण ५५० भागांच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी आणि प्रथिनं ६ टक्क्यांनी कमी. पोतं भरतं, पोळीतला कस उतरतो. सोयाबीनची प्रथिनं बरीचशी टिकली, कारण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्र पुरवतात. हरभऱ्यालाही त्या गाठी असतात. प्रयोग संपल्यावर उपटून दोन्ही पेट्यांतल्या मोजायला लावा, परीक्षकांना दाखवायला छान.

तेरणाकाठ
जमलं. दुसरी पेटी बांधली, ०.३ ग्रॅम सोड्याच्या पुड्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर करून आणल्या. तो आधी हसला, मग फुकट मोजून दिल्या. एकच शंका राहिली: पेटी रात्रभर बंद ठेवायची का?

पानदेठ
नको. अंधारात झाडं आणि कुंडीतली माती दोन्ही कार्बन डायऑक्साइड सोडतात, सकाळी बिनसोड्याच्या पेटीतही तो बाहेरच्यापेक्षा जास्त भरेल. संध्याकाळी दोन्ही उघडा, सकाळी ऊन आलं की बंद करून पुडी टाका. दुपारपर्यंत झाडं त्यातला बराच खाऊन टाकतील, तेव्हा दुसरी पुडी लागेल. सराफाला तसं आधीच सांगून ठेवा.