मदत हवी आहे: ऑफिसच्या ग्रंथालयातल्या कामाचा आराखडा कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत ग्रंथपाल आहे. आमच्याकडे बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरो) कोड, म्हणजे बांधकामाची मानकं, इंडियन रोड्स काँग्रेसची प्रकाशनं, माती परीक्षणाचे अहवाल आणि ढीगभर जुनी ड्रॉइंग्ज. कॅटलॉग कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर आहे, तो बरा चाललाय. घोडं अडतं ते कॅटलॉगच्या बाहेर.

कोडला अमेंडमेंट (दुरुस्ती) निघाली की मी पीडीएफ सर्व्हरवर टाकतो, छापील प्रतीत पत्रक चिकटवतो, सगळ्यांना मेल करतो. पण डिझाइनवाल्यांनी तोच कोड कधीचा डेस्कटॉपवर उतरवून ठेवलेला असतो, ड्राफ्ट्समनकडे झेरॉक्स, आणि साइटवर व्हॉट्सॲपवरून गेलेली तिसरीच प्रत. पत्रक चिकटवलेली प्रत कपाटात!

बरं, जुनं काढून टाकावं तर तेही जमत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडची २००० ची आवृत्ती आली म्हणून १९७८ ची रद्दीत घालता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या इमारतीचं ऑडिट आलं की तीच शोधत येतात. आयएस ८०० या स्टीलच्या कोडमध्ये तर १९८४ आणि २००७ च्या आवृत्त्यांत डिझाइनची पद्धतच बदलली. कोहात ७८० (आधीची आवृत्ती) आणि ७८५ (नंतरची आवृत्ती) फील्ड भरून जुनी-नवी नोंद जोडली आहे, पण कॅटलॉग उघडतो कोण?

साहेब म्हणतात, नवं सॉफ्टवेअर घेऊ. माझं मत, आधी कागद कुठून कुठे जातो ते तरी बघू. म्हणून चार्ट पेपरवर विभागवार आडवे पट्टे आखून बाण काढले. ग्रंथालयाचा पट्टा गच्च भरला, डिझाइनचा जवळपास कोराच. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमच्याकडूनच तर घेतो."

जाणकारांना विचारायचं ते असं. विभागवार पट्टे ठेवावेत, की एकच कोड धरून तो आल्यापासून प्रोजेक्ट बंद होईपर्यंत त्याच्या मागे जावं? लोक प्रत्यक्षात कुठली प्रत उघडतात हे, तपासणीला आल्यासारखं न वाटता, कसं काढून घ्यायचं? आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक प्रोजेक्टच्या डिझाइन बेसिस रिपोर्टमध्ये (डिझाइन कशाच्या आधारावर करायचं ते सांगणारा अहवाल) कोडची यादी असतेच. ती आवृत्ती आणि अमेंडमेंटसह ग्रंथालयातून तपासूनच पुढे जावी, असा टप्पा घातला तर चालेल का, की फाइली माझ्याच टेबलावर तुंबतील?

औषध कंपनीत किंवा वकिलांच्या ऑफिसात असं काम केलेल्यांनी जरूर लिहा. आराखड्याचा नमुना असेल तर नावं झाकून टाकलात तरी चालेल.