निन्टेंडोत चाळीस वर्षं: मुरलेले की कुजलेले?

सरळमार्गी: काल इथे कुणी लिहिलं, 'गेमवाल्याने दर दोन वर्षांनी कंपनी बदलली नाही तर डबक्यातला बेडूक होतो.' डोकं सणकलं. ताकाशी तेझुका १९८४ मध्ये निन्टेंडो या जपानी गेम कंपनीत लागले, पुढच्याच वर्षी मारिओचे जनक मियामोतोंबरोबर 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम आणला. २०२३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'चे निर्मातेही तेच. मारिओची उडी बोटांना 'बरोबर' कधी लागते, हे कागदावर उतरत नाही. शेजारी बसूनच कळतं. निन्टेंडोचं वी-यू हे गेमयंत्र आपटल्यावर २०१४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष इवातांनी स्वतःचा पगार काही महिने निम्मा केला. मायक्रोसॉफ्टने त्याच्या बरोबर १० वर्षांनी गेमिंगमधले १९०० लोक घरी बसवले.

उडीबाबा: तो बेडूकवाला मीच. जपानात कायम नोकरदाराला काढायचं तर कोर्टात पटेल असं कारण लागतं. मग ही निष्ठा कंपनीची की कायद्याची? आणि २०२४ मध्येच निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेने शंभरावर कंत्राटी टेस्टर (गेममधल्या चुका शोधणारे) कमी केल्याच्या बातम्या होत्या. ते तुमच्या या निष्ठेत बसत नाहीत वाटतं?

बगवाली_ताई: टेस्टरांचं नाव काढलंत म्हणून. पुण्यात मी कंत्राटावर टेस्टिंग करायचे. सात महिने एकच भिंत, पात्र तिच्यात घुसतं का बघायचं. गेम आला तेव्हा आईला टीव्हीसमोर बसवलं, 'शेवटी माझं नाव येईल.' यादी संपेपर्यंत चहावर साय धरली. नाव नाही! कंत्राटी ना आम्ही.

उडीबाबा: ताई, नाव हवं की पैसे? मी तीन उड्यांत पगार दुप्पट केला.

बगवाली_ताई: दोन्ही! पुढच्या नोकरीत 'कुठला गेम केलात' विचारतात, तेव्हा काय दाखवू, भिंत? तुम्हाला उड्या सुचतात कारण तुमचं नाव यादीत आहे.

कट्टा_जुना: शेवटच्या नावांसाठी वेगळा धागा काढा. इथे प्रश्न टिकण्याचा होता.

बगवाली_ताई: दादा, नावच नाही तर टिकणार कोण?

सरळमार्गी: ताईंचं पटलं. टेस्टरांचा विचार मी केलाच नव्हता. उडीबाबांचं मात्र नाही.

उडीबाबा: नका पटवून घेऊ. कायद्याचा मुद्दा मात्र सगळ्यांनी सोयीने गिळलात. बरं, तेझुकांना बेडूक म्हणालो ते मागे घेतो. बाकीचं डबकं आहे तिथेच आहे.