पहिल्या घराला स्टॅम्प ड्युटी माफ केली की प्रश्न सुटला?

घरशोधक_पुणे: काल इथे एकाने लिहिलं, "पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटी पूर्ण माफ करा, तरुणांचा घराचा प्रश्न तिथेच संपतो." खाली सगळे वा वा करतायत. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. २०२० आठवतंय का? सप्टेंबर ते डिसेंबर ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली होती, मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. मी तेव्हा वाकडला फ्लॅट बघत होतो. ऑगस्टमध्ये सेल्सवाला स्वतःहून दीड लाख कमी करतो म्हणाला होता, वर मॉड्युलर किचन. सप्टेंबरात तोच माणूस म्हणतो, सर आता सरकारनेच एवढं दिलंय, आमच्याकडून अजून काय मागता! सरकारचा महसूल बुडाला आणि माझ्या हातात काय आलं? जवळजवळ काही नाही. मागणी वाढवणारी सवलत द्याल तर भाव तेवढाच फुगतो. घरं वाढवा ना. म्हाडाची सोडत मोठी करा, ४००० चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टमध्ये २० टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायचा नियम २०१३ पासून आहे, तो तरी नीट राबवा.

हडपसरचा_नाना: भाऊ, तुझा एक सेल्सवाला म्हणजे अख्खं मार्केट नाही. हिशोब कर. ६० लाखांचा फ्लॅट, बँक देणार ८० टक्के, म्हणजे १२ लाख तुझे. पुण्यात ड्युटी ७ टक्के, ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, ३ लाख. ड्युटी-रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते लोनमध्ये बसत नाहीत, आणि जीएसटीही धरला नाही तर साडेएकोणीस लाख रोख झाले. माझ्या धाकट्या भावाचा ईएमआय बसत होता, अडला तो ह्याच रकमेवर. शेवटी आईच्या पाटल्या मोडल्या. हातात पाटल्या घेऊन सोनाराकडे मी गेलो होतो, त्याला कोणी सांगू नये की ड्युटी माफ करून काही होत नाही.

बोळींज_रिटर्न: म्हाडा म्हाडा करणाऱ्यांनी विरार-बोळींजला येऊन बघावं. हजारो घरं बांधली आणि पाण्याची बोंब होती, वर्षानुवर्षं गिऱ्हाईक नव्हतं. नुसती घरं बांधून काय, नळाला पाणी आणि स्टेशनपर्यंत बस कोण देणार?

स्नेहल_के: ड्युटीचा विषय निघालाच आहे तर बाईच्या नावावर घर घेतलं की १ टक्का सूट आहे २०२१ पासून, त्यावर कोणीच बोलत नाहीये. पण सूट फक्त एकट्या बाईच्या नावावर. नवरा-बायको दोघांच्या नावावर घ्या, शून्य. आमचं घर घेताना सासरे म्हणाले, एवढ्याशा पैशांसाठी सुनेच्या एकटीच्या नावावर कशाला, दोघांचं करू, आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी मला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही म्हणून नुसतं नवऱ्याचंच केलं. तेव्हापासून अर्धा ईएमआय माझ्या पगारातून जातोय. इंडेक्स टू वर, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या उताऱ्यावर, माझं नाव नाही.

कर्वेनगर_४२: ताई, वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण ऐका. माझ्या मित्राने ती १ टक्का सूट घेतली, घर बायकोच्या नावावर, हप्ते हा भरतोय. आज वेगळे झालेत, हा कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर राहतो आणि ईएमआय अजून ह्याच्याच खात्यातून. असले नियम करणाऱ्यांना अक्कल नाही.

स्नेहल_के: तुमच्या एका मित्राचं झालं तर नियम करणाऱ्यांना अक्कल नाही, आणि घराघरात बायकांचं हेच होतंय ते चालतं? आवाज खाली ठेवा. आधी तर अट होती की बाईने ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढली. तोपर्यंत नाव तिचं आणि विकायचं कोणाला ते सरकार ठरवणार.

हडपसरचा_नाना: दोघं शांत व्हा. एक गोष्ट दोघांनी सोडली. एकट्या बायकोचं नाव लावलं तर नवऱ्याला व्याजाची इन्कम टॅक्स वजावट मिळत नाही, कारण तो मालकच नाही. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जाते, १ टक्क्याच्या नादात. सूट जॉइंट नावाला द्या की. मग सासऱ्यांनाही बोलायला जागा राहत नाही.

स्नेहल_के: हे बरोबर आहे. हेच मागायला पाहिजे होतं मी.

कर्वेनगर_४२: जॉइंट असेल तर माझी हरकत नाही. बाकी मी बोललो त्यातला शब्द मागे घेणार नाही.

चाकणचा_शेतकरी: घरं वाढवा म्हणता, जमीन कोणाची जाणार? आमचीच. आमच्या रानात टॉवर उभा राहिला आणि माझ्याच पोराला त्यात टू बीएचके परवडत नाही. आधी त्याच्यासाठी बोला.

घरशोधक_पुणे: मूळ विषय कुठल्या कुठे गेला. नाना, रोख रकमेचा तुझा मुद्दा मला मान्य करावा लागतोय, तो मी धरलाच नव्हता. पण मग सरसकट माफी नको, ४५ लाखांच्या आतल्या घराला द्या. आणि ती ४५ लाखांची मर्यादाही हलवा. १ टक्का जीएसटी तिथपर्यंतच, २०१९ पासून तीच. ४५ लाखांवर जीएसटी ४५ हजार, ४६ लाखांवर एकदम २ लाख ३० हजार. पुण्यात आज ४५ मध्ये काय मिळतं? मला गेल्या रविवारी मिळालं ते वन बीएचके, बाल्कनीतून हात बाहेर काढला की शेजारच्या बिल्डिंगचा डक्ट.

हडपसरचा_नाना: ४५ चं ७० करा, मग मी तुझ्या बाजूने. पण २० टक्केवाल्या नियमाचं काय होतं ते पण लिही. आमच्या इथे एकाने प्लॉटचे दोन तुकडे पाडले, दोन्ही ४००० च्या आत.

घरशोधक_पुणे: दोन्ही बिल्डिंगचं गेट एकच आहे का बघ. फोटो टाक.