हेलबॉय तुमच्यात कसा मुरला? अनुभव लिहा

काही मालिका पहिल्याच पुस्तकात धरून ठेवतात. हेलबॉयच्या बाबतीत मी बहुतेकांकडून उलट ऐकलंय: आधी "ठीक आहे", आणि मग कधीतरी सुटतच नाही. माइक मिग्नोलाची ही भयकथांची कॉमिक मालिका 1994 ला सुरू झाली. डिसेंबर 1944 मध्ये नाझींच्या विधीतून इंग्लंडमधल्या एका पडक्या चर्चमध्ये प्रकटलेलं लाल पोर, उजवा हात दगडाचा. माणसांत वाढतं, शिंगं घासून सपाट ठेवतं आणि भुताखेतांचा छडा लावायची नोकरी करतं.

सुरुवात मी करते. पहिल्या पुस्तकाचे संवाद जॉन बर्नने लिहिलेत आणि त्यात शब्द फार आहेत. पुढे मिग्नोला स्वतः लिहायला लागला आणि पानं गप्प झाली. हाणामारी ऐन रंगात असते आणि मध्येच एक छोटी चौकट येते: भिंतीतल्या दगडी संताचा चेहरा. पुढच्या चौकटीत कावळा. मग परत हाणामारी. आधी मी या चौकटी भराभर ओलांडायचे. आता तिथेच थांबते, कारण भीती तिथे आहे, राक्षसात नाही. निम्मं पान काळ्या शाईत बुडालेलं असतं आणि त्या काळ्यात काय आहे ते तो दाखवत नाही.

तुमचं कसं झालं? सविस्तर लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

* * *

मला 'द कॉर्प्स'ने पकडलं. आयर्लंडमधली गोष्ट. पळवलेलं तान्हं बाळ परत हवं तर पहाट व्हायच्या आत एक प्रेत पुरून ये, अशी तिथल्या यक्षलोकांची अट. हेलबॉय प्रेत पाठीवर घेऊन निघतो आणि प्रेत बोलायला लागतं! चांदोबातला विक्रम-वेताळ वाचत वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? एकेका स्मशानात तिथलेच मेलेले त्याला जागा देत नाहीत. मूळ आयरिश लोककथेचा बाज मिग्नोलाने तसाच राहू दिलाय.

पण खरी गंमत नंतरची. बाळाच्या जागी ठेवलेला यक्ष, ग्रुआगाक, या गोष्टीत डुकराच्या देहात अडकतो. मला वाटलं, संपलं. दहा-बारा वर्षांनी आलेल्या पुस्तकांत तोच परत येतो, तो अपमान उराशी धरून, आणि त्याच्या सुडापायी सगळं इंग्लंड पेटतं. ते बाळही येतं, तरुण बाई होऊन. तेव्हा मी उठून जुनं पुस्तक काढलं आणि डुकराची ती पानं पुन्हा वाचली. आता त्याची दया येत होती. सलग वर्षानुवर्षं चालणारी मालिकाच हे करू शकते.

* * *

'पॅनकेक्स'. दोन पानं फक्त! 1947, छोटा हेलबॉय नाश्त्याला बसलाय, पॅनकेक नको म्हणतो. एक घास खातो, आवडतो. आणि तिकडे नरकात आकांत, की आता हा आपल्याकडे कधीच येणार नाही. माझ्या मुलीला ही गोष्ट पाठ आहे. जगाचा नाश करायला जन्मलेलं पोर एका नाश्त्यावर माणसांचं होतं, हे तिला मी समजावून सांगावं लागलं नाही.

* * *

शेवट फोडतोय, सावध.

2007 पासून मुख्य कथेची चित्रं डंकन फेग्रेडोकडे गेली तेव्हा मी नाराज होतो. मिग्नोलाचं जिथे रिकामं, तिथे याचं गच्च भरलेलं: झाडं, हाडं, चिलखतं. पण सैन्यं, ड्रॅगन, एवढा मोठा पसारा त्या रिकाम्या पानांत मावला नसता, हे आता पटतं. 2011 मध्ये हेलबॉय मरतो आणि पुढची गोष्ट थेट नरकात, चित्रं पुन्हा मिग्नोलाची. रंग डेव्ह स्टुअर्टचे, आणि त्याचा तो एकच लाल सगळ्या राखाडीत उठून दिसतो. एवढी वर्षं ज्या घराला तो नाही म्हणत आला, तिथे त्याला चालताना पाहणं मला जड गेलं.

* * *

नवीन वाचणाऱ्यांना: क्रमाच्या मागे लागू नका. छोट्या गोष्टींचे संग्रह आधी घ्या, रिचर्ड कॉर्बेनने काढलेलं 'द क्रूकेड मॅन' तर घ्याच. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातली चेटकिणींची ती गोष्ट मात्र रात्री एकट्याने वाचू नका. मोठी कथा त्यानंतर.