ओटो डिक्सची अनिता: तिच्यावर अन्याय झालाय का?

निळाई (मूळ धागा)

नोकरीनिमित्त दोन वर्षं स्टुटगार्टला आहे. इथल्या श्लॉसप्लाट्झ चौकात काचेच्या चौकोनी इमारतीत कुन्स्टम्युझियम आहे. तिथे ओटो डिक्स या जर्मन चित्रकाराने 1925 साली रंगवलेलं अनिता बर्बर या नर्तकीचं चित्र आहे. तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा रागच आला.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. साधारण 120 बाय 65 सेंटिमीटरचं प्लायवूड. पार्श्वभूमी लाल, झगा लाल, केसही लाल. झगा गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचा, आणि अंगाला इतका चिकटलेला की पोटाचा उंचवटा दिसतो. चेहरा पिठासारखा पांढरा, डोळ्यांभोवती काळं, ओठ आवळलेले. एक हात कमरेवर, बोटं वाकडी, नखं टोकदार. बाई पन्नाशीची वाटते. जन्म 1899 चा, म्हणजे तेव्हा ती जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर होती!

आणि यात नाच कुठे आहे? पावलंसुद्धा चौकटीबाहेर. याला एक्स्प्रेशनिस्ट चित्र, म्हणजे भडक रंगांतून भावना मांडणारं, म्हणायचं तर एमिल नोल्डे या चित्रकाराच्या 1912 च्या मेणबत्त्यांमध्ये नाचणाऱ्या बायका आठवा, त्यातही लाल-पिवळाच रंग आहे, पण अंगं कशी झोकून दिलेली! डिक्सने नर्तकी घेतली, नाच सोडून दिला आणि तिची बदनामी तेवढी रंगवली. मला हा अन्याय वाटतो.

घुंगरू

अजिबात पटलं नाही. मी वीस वर्षं कथक शिकवते. कार्यक्रम संपल्यावर विंगेत आलेल्या मुलीचा चेहरा तुम्ही जवळून पाहिलाय का? पॅनकेक मेकअपमधून घामाच्या रेघा उतरलेल्या असतात, काजळ खाली आलेलं असतं, ओठांचा रंग कडेलाच उरलेला असतो. घुंगरांची दोरी सोडली की घोट्यावर वळ दिसतात. अठरा वर्षांची मुलगी त्या दहा मिनिटांत चाळिशीची दिसते. प्रेक्षकांना तो चेहरा कधीच दिसत नाही. डिक्सने तो पाहिला आणि लपवला नाही.

आणि झग्याचं काय? अनिता नग्न नाचायची, म्हणून गाजलेली. तिच्या नाचांची नावंच 'कोकेन', 'मॉर्फीन' अशी. 1922 मध्ये व्हिएन्नात सेबास्टियन ड्रोस्टबरोबर कार्यक्रम केले आणि पुढच्याच वर्षी तिथून हद्दपार झाली. जिचं अंग बघायला लोक तिकिटं काढायचे, तिला या माणसाने गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलं. मला तर यात मान दिसतो.

जुनाब्रश

एक दुरुस्ती. निळाई म्हणतात तसं या चित्राला सरसकट एक्स्प्रेशनिस्ट म्हणू नये. डिक्सची सुरुवात तिथली, पण 1925 मध्येच मानहाइमला 'नवी वस्तुनिष्ठता' (भावनेपेक्षा समोरचं रोखठोक रंगवणं) नावाचं जे प्रदर्शन भरलं, त्यात तो होता. तो भडक लाल मात्र जुन्या, एक्स्प्रेशनिस्ट घराण्यातलाच, हे मान्य.

रंगवण्याची पद्धतही बघा. जुन्या जर्मन चित्रकारांसारखं टेंपेरावर (अंड्यात कालवलेल्या रंगावर) तेलरंगाचे पातळ, पारदर्शक थर. एक थर वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही. निव्वळ कुचेष्टा करायची असती तर व्यंगचित्र पुरलं असतं.

निळाई

घुंगरूताई, झग्याचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मानते. पण थकवा वेगळा आणि वय वेगळं. तुमची विद्यार्थिनी तोंड धुतल्यावर पुन्हा अठराची होते. ही शंभर वर्षं झाली तरी पन्नाशीचीच.

1928 च्या नोव्हेंबरात ती बर्लिनमध्ये क्षयाने गेली, एकोणतीस वर्षांची. त्यावर लोक सहज म्हणून जातात, "बघा, डिक्सला आधीच दिसलं होतं." हे मला सगळ्यात जास्त खुपतं. तिच्या मरणाला कुणी चित्राचा पुरावा करू नये. तिचा नाच प्रत्यक्ष पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. 1991 मध्ये डिक्सच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं, त्यावरही हाच चेहरा. एका माणसाने एकदा ज्या नजरेने पाहिलं, तेच कायमचं तिच्या नावावर चढलं.

पंचगंगा

तिचे त्या काळातले फोटो शोधून बघा. पांढरा चेहरा, काळे डोळे, आवळून रंगवलेले ओठ, हे सगळं त्यांतही आहे. हा मुखवटा डिक्सने चढवलेला नाही, तिने स्वतः ठरवून घडवला होता. आपण दोन्ही बाजूंनी तिला बिचारी करतोय.

आमच्याकडे लावणीच्या बायांचं हेच होतं. फोटो काढणारा एक तर अदा टिपतो, नाहीतर फडामागचं दारिद्र्य. माझी मावशी फडात ढोलकीवाल्याशेजारी बसून टाळ वाजवायची. ती म्हणायची, "बाई उभी कशी राहते ते बघावं, त्यावरून ती कुणाची मिंधी आहे का ते कळतं." अनिता उभी कशी आहे ते बघा. मला ती कुणाची मिंधी वाटत नाही.

घुंगरू

मावशी बरोबर बोलल्या! निळाई, पावलं चौकटीबाहेर आहेत म्हणून नाच नाही, असं तुम्ही म्हणालात. मी तर चित्र फक्त पडद्यावर पाहिलंय, तरी कंबर एका बाजूला काढलेली आणि धड पिळलेलं कळतं. साधी उभी राहिलेली बाई अशी उभी राहत नाही. हा पवित्रा आहे. सगळं वजन एका पायावर घेऊन दुसरा पाय मोकळा ठेवलाय, म्हणजे पुढची हालचाल अजून व्हायची आहे. वय दिसतं ते चेहऱ्यात. कमरेखाली ती पंचवीसचीच आहे.

निळाई

चेहऱ्यावरून नजर हटतच नाही, त्यामुळे कमरेकडे नीट पाहिलंच नव्हतं. रविवारी पुन्हा जाते. वजन कोणत्या पायावर आहे ते बघून इथेच लिहीन. राग तोवर तसाच ठेवते.