शब्दचर्चा : ‘सिक्युरिटी वॉर्निंग’ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद-नोंद आणि पुस्तकांची देवघेव मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रामच्या एका जुन्या फाइलीत आहे. विंडोज १०ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून तिथल्या दोन्ही संगणकांवर विंडोज ११ आलं. दुसऱ्याच दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. काउंटरवरच्या संगणकावर फाइल उघडली की ‘सिक्युरिटी वॉर्निंग’ लिहिलेली पिवळी पट्टी येते, आतल्या खोलीतल्यावर लाल. फाइल तीच. “व्हायरस शिरला का हो?”

व्हायरस नव्हता. पण त्यांच्यासाठी अर्ध्या पानाची मराठी सूचना लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. ‘वॉर्निंग’ला ‘चेतावणी’ लिहिलेलं सर्रास दिसतं. मला तो शब्द मराठी वाटत नाही. आपण चूल चेतवतो, भांडण चेतवतो. चेतावणी ऐकली की मनात चिथावणी उभी राहते. ‘ताकीद’ चांगला शब्द, पण ताकीद वरचा माणूस खालच्याला देतो. उरतो ‘इशारा’. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देतात, तसा. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

इशारा बरोबर, पण दोन्ही पट्ट्यांना एकच शब्द लावू नका. आमच्या रत्नागिरीकडे बंदरावर वादळाचा बावटा लागतो, त्यालाही नंबर असतो. एक नंबरचा बावटा आणि तीन नंबरचा बावटा यांत फरक आहे आणि तो खलाशाला कळतो. तुमच्या दोन पट्ट्यांत नेमका फरक काय, ते आधी सांगा.

मूळ लेखक

मुद्दा पटला. पिवळ्या पट्टीचा अर्थ एवढाच, की फाइलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा आहेत, ते सध्या थांबवले आहेत, चालवू का? शेजारी ‘एनेबल कंटेंट’चं बटण असतं. लाल पट्टीवर ते बटणच नसतं. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो थेट अडवायला सुरुवात केली, ती ही पट्टी.

मग एकच फाइल दोन रंगांत का? बाईंनी काउंटरवर ती पेन ड्राइव्हने नेली होती आणि आतल्या संगणकावर स्वतःलाच मेल करून उतरवली होती. मेलमधून उतरवलेल्या फाइलीला विंडोज ‘बाहेरून आली’ अशी अदृश्य खूण लावतं. ती खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते; पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यावर ती राहत नाही.

म्हणजे पिवळी पट्टी खरं तर इशारा नाहीच, ती विचारणा आहे. लाल पट्टी ही मनाई. हे दोन शब्द वापरले तर बाई घाबरणार नाहीत आणि मनाई दिसली तर कारण शोधतील.

प्रतिसाद

त्या अदृश्य खुणेला ‘शिक्का’ म्हणा. जकात नाक्यावरून आलेल्या मालावर असायचा तसा, बाहेरचा शिक्का. फाइलीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, अगदी खाली ‘अनब्लॉक’चा चौकोन. तिथे टिक करून ओके दिलं की शिक्का पुसला जातो. फक्त हे लिहाच : फाइल आपलीच आहे याची खात्री असेल तरच.

प्रतिसाद

मी संगणक दुरुस्तीचं काम करतो. तुम्ही ‘विंडोज ११ आलं’ लिहिलंत, पण कसं आलं? गिऱ्हाईक ‘अपग्रेड केलं’ म्हणतं आणि आत बघावं तर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलेलं असतं. जुन्यावर चढवलं तर ॲक्सेसच्या सेटिंग्ज बहुतेक वेळा राहतात. फॉरमॅट मारलं तर ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ची, म्हणजे ज्या फोल्डरांतल्या फाइली न विचारता चालतात त्यांची यादी जाते आणि पूर्वी कोणत्या फाइलीला ‘एनेबल’ म्हटलं होतं तेही जातं, कारण हे सगळं त्या युजरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत असतं. म्हणून वर्षानुवर्षं न दिसलेली पट्टी एकदम दिसते. ‘चढवणं’ आणि ‘मारणं’ हे आमचे दोन शब्द सूचनेत येऊ द्या, ‘उन्नयन’ नको. ते वाचून कोणालाच काही कळणार नाही.

मूळ लेखक

येऊ देतो. आमच्याकडे मारलंच होतं.

आता ‘ट्रस्टेड लोकेशन’. ‘विश्वस्त स्थान’ चालणार नाही. विश्वस्त म्हणजे देवस्थानचे, ट्रस्टचे. ‘विश्वासू’ माणूस असतो, फोल्डर नव्हे. ‘विश्वसनीय’ ऐकलं की सूत्रं आठवतात. मला ‘खात्रीची जागा’ बरं वाटतं. बियाणं खात्रीचं, दुकान खात्रीचं, तशी जागा खात्रीची.

प्रतिसाद

‘खात्रीची जागा’ छान. मात्र तिथे डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप अख्खा नेमू नका. त्या फोल्डरमध्ये जे पडेल ते न विचारता चालतं. देवघेवीसाठी वेगळा फोल्डर करा. आणि ‘एनेबल’ला ‘सक्षम करा’ लिहू नका हो. सक्षम अंगणवाडी होते, बटण दाबून मॅक्रो चालू होतो.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटरवर लावलेला कागद असा :

“पिवळी पट्टी : विचारणा. फाइल देवघेवीची असेल तर ‘एनेबल कंटेंट’ दाबून चालू करा.
लाल पट्टी : मनाई. फाइल कुठून आली ते आठवा. आपलीच असेल तर बंद करून प्रॉपर्टीजमधून बाहेरचा शिक्का काढा. आपली नसेल तर हात लावू नका, फोन करा.
फाइल नेहमी ‘देवघेव’ फोल्डरमधूनच उघडा. ती खात्रीची जागा आहे.
‘सगळे मॅक्रो चालू’ ही सेटिंग कोणी सांगितलं तरी निवडू नका.”

‘मॅक्रो’ तसाच ठेवला. बाईंनी विचारलं, मॅक्रो म्हणजे काय? म्हटलं, पुस्तक परत आलं की तारीख आपोआप पडते ना, ती टाकणारा.