मदत हवी आहे: आईच्या स्ट्रेस थॅलियममधला रेडिएशनचा डोस

नमस्कार मंडळी. आईची (वय ६४, मुलुंड) स्ट्रेस थॅलियम (किरणोत्सर्गी इंजेक्शन देऊन हृदयाचा रक्तपुरवठा बघतात ती तपासणी) पुढच्या आठवड्यात परळला आहे. चिठ्ठीवर थॅलियम असलं तरी इंजेक्शन टेक्नेशियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचं देणार म्हणे. बरंच झालं, थॅलियम-२०१ मध्ये डोस बराच जास्त बसतो.

अमेरिकेतल्या न्यूक्लिअर कार्डिऑलॉजी सोसायटीने २०१० मध्ये लक्ष्य ठेवलं होतं की २०१४ पर्यंत निम्म्या तपासण्या तरी ९ मिलिसिव्हर्टच्या (शरीराला बसणाऱ्या रेडिएशनचं माप) आत बसाव्यात. आपल्याकडे सेंटरवाले हा आकडा सांगतात का? मला फोनवर उत्तर मिळालं, "काही नाही हो, एक्स-रेसारखंच!" छातीच्या एक्स-रेत जेमतेम ०.१ मिलिसिव्हर्ट असतो, म्हणजे सारखं कुठलं?

मुख्य प्रश्न वेगळाच आहे. यात हृदयावर ताण देऊन (स्ट्रेस) आणि आरामात असताना (रेस्ट) असे दोनदा इंजेक्शन देऊन फोटो काढतात. आधी स्ट्रेसचे फोटो काढले आणि ते नॉर्मल आले, तर रेस्टचं इंजेक्शन टाळता येतं. मुंबईत असं कुणी करतं का, की आधी रेस्ट हा क्रम ठरलेलाच? गुडघ्यांमुळे आईला ट्रेडमिल जमणार नाही, औषधानेच स्ट्रेस देणार आहेत. त्याने काही फरक पडतो का?

टेस्ट टाळायची नाहीये, डॉक्टरांनी नीट समजावलंय. न्यूक्लिअर मेडिसिनमधलं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा, किती मिलिक्युरी (इंजेक्शनमधल्या किरणोत्सर्गी द्रव्याचं माप) देणार हे आधी विचारलं तर चालतं ना?